मोटरवेवरच्या इमर्जन्सी एरियातून पुन्हा रस्त्याला लागताना

लेस्टरकर

इंग्लंडात गाडी चालवणाऱ्या आपल्या मंडळींपैकी बहुतेकांना मोटरवेच्या कडेला ठरावीक अंतराने दिसणारे नारंगी रंगाचे कप्पे, म्हणजे इमर्जन्सी एरिया, माहीत असतील. गाडी बिघडली की तिथे थांबायचे, एवढेही सर्वांना ठाऊक असते. तिथून पुन्हा बाहेर कसे पडायचे याचा विचार मात्र मी स्वतः तिथे अडकून पडेपर्यंत कधी केला नव्हता, म्हणून हा धागा काढत आहे.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही चौघे एम-१ वरून शेफील्डला निघालो होतो. चेस्टरफील्डचा फाटा मागे पडला आणि गाडीच्या तापमानाचा काटा हळूहळू वर सरकू लागला. आठवड्यापूर्वीच एका गॅरेजमध्ये पाण्याचा पाइप बदलून घेतला होता, त्यामुळे आधी मी त्या काट्यावरच अविश्वास दाखवला. दोन मिनिटांनी बॉनेटच्या फटीतून वाफ दिसू लागली, तेव्हा विश्वास ठेवावाच लागला. एम-१ च्या त्या पट्ट्यात हार्ड शोल्डर नाही. पूर्वी जी कडेची मोकळी पट्टी होती, तिचीच आता पहिली लेन झालेली आहे आणि तिच्यावरून ट्रकांची रांग अखंड वाहत असते. सुदैवाने निळ्या पाटीवर नारंगी रंगातले टेलिफोनचे चिन्ह आणि पुढच्या थांब्याचे अंतर दिसले. हीटर पूर्ण सोडून, वेग कमी करून, कसेबसे तेवढे अंतर काढले आणि आत शिरलो.

थांबल्यानंतरचे सगळे बऱ्यापैकी रीतसर पार पडले. चारही दिवे लुकलुकते ठेवले आणि सर्वांना डाव्या दारांनी उतरवले. इथेही चालक भारतासारखाच उजवीकडे बसतो, म्हणजे त्याचे दार थेट धावत्या रहदारीच्या बाजूला उघडते. गिअरचा दांडा आणि हँडब्रेक ओलांडून डाव्या आसनावरून बाहेर पडताना माझ्या कोटाचा खिसा फाटला, पण उजवे दार उघडले नाही. सगळे कठड्यापलीकडे जाऊन उभे राहिले आणि मी नारंगी पेटीतला फोन उचलला. तो फुकट असतो, क्रमांक फिरवावा लागत नाही आणि आपण कुठे आहोत हे पलीकडच्या माणसाला आपोआप कळते. ‘नॅशनल हायवेज’ या इथले मोटरवे सांभाळणाऱ्या सरकारी कंपनीच्या नियंत्रण कक्षातल्या बाईंनी शांतपणे चौकशी केली, आमच्या मागच्या लेनवर लक्ष ठेवत असल्याचे सांगितले आणि बिघाड-सेवेला आम्हीच फोन करावा असे सुचवले.

पाऊण तासाने मेकॅनिक आला. पाइपाची क्लिप नीट आवळलेलीच नव्हती. त्याने ती आवळली, पाणी भरले, इंजिन चालवून पाहिले आणि म्हणाला, की आता जायला हरकत नाही. मी सर्वांना गाडीत बसवले, इंजिन सुरू केले आणि आरशात पाहत मोकळ्या जागेची वाट बघू लागलो. तेवढ्यात त्याने काचेवर टकटक केली आणि विचारले, “तुम्ही त्यांना पुन्हा फोन केलात का?” मी म्हणालो, “आता कशाला? गाडी तर सुरू झाली.” त्याने मान हलवली आणि मला पुन्हा त्या पेटीकडे पाठवले.

दुसऱ्यांदा फोन केल्यावर त्याच बाईंनी सांगितले, की गाडीत बसा, पट्टे लावा, पण मी सांगेपर्यंत हलू नका. मागच्या गॅन्ट्रींवर, म्हणजे रस्त्यावरच्या पाट्यांच्या कमानींवर, त्या आधी वेगमर्यादा खाली आणणार होत्या आणि मग आमच्या लेनवर लाल फुली, म्हणजे लेन बंद असल्याची खूण, टाकणार होत्या. त्यांचा निरोप मिळावा म्हणून मोबाइल क्रमांक देऊन ठेवला होता. चार-पाच मिनिटांत आरशातले दृश्य बदलले. ट्रकांची रांग दुसऱ्या लेनमध्ये सरकली, पहिली लेन रिकामी झाली, आणि ज्या रस्त्यावर आम्ही जीव मुठीत धरून उभे होतो, तिथून आरामात वेग घेत बाहेर पडलो.

हायवे कोडमध्ये, म्हणजे इथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तिकेत, हे स्पष्ट लिहिलेले आहे. इमर्जन्सी एरियातून पुन्हा निघण्यापूर्वी तिथल्या फोनवरून संपर्क साधायचा आणि मिळेल ती सूचना पाळायची, कारण तुम्हाला सुरक्षित बाहेर काढण्यासाठी लेन बंद करावी लागू शकते. २०२१ च्या सुधारणेनंतर या थांब्यांविषयीचा मजकूर बराच वाढवला गेला. मी तो वाचला नव्हता. आपल्यापैकी किती जणांनी वाचला आहे, हे प्रामाणिकपणे सांगावे.

ढोबळ गणिती

उत्तम धागा. मी प्रामाणिकपणे सांगतो, की मीही वाचला नव्हता, परंतु फोन का करायचा याचे उत्तर कागदावर काढून पाहिले आणि थोडा हादरलो.

हे थांबे साधारण १०० मीटर लांब असतात, आणि आत शिरण्याचा व बाहेर पडण्याचा तिरपा भाग त्यातच धरलेला असतो. मध्यावर थांबलेल्या गाडीला वेग घेण्यासाठी पुढे जेमतेम ५० मीटर मिळतात असे समजू. शून्यापासून ताशी ६० मैलांपर्यंत जायला ११ सेकंद घेणारी साधी कौटुंबिक गाडी त्या ५० मीटरच्या शेवटी ताशी सुमारे ३५ मैलांवर, म्हणजे ५६ किलोमीटरवर पोहोचते, आणि त्यात साडेसहा सेकंद जातात. पहिल्या लेनमध्ये ताशी ७० मैलांनी येणारी गाडी तेवढ्याच वेळात २०० मीटर कापते. शिवाय तुम्ही लेनमध्ये शिरल्यावर ३५ वरून ७० पर्यंत जायला आणखी किमान साडेसहा सेकंद लागतात आणि तेवढ्या काळात ती गाडी तुमच्या आणखी ५० मीटर जवळ येते. शेवटी दोन गाड्यांमध्ये दोन सेकंदांचे अंतर शिल्लक राहावे असे वाटत असेल, तर तुम्ही ब्रेक सोडता त्या क्षणी मागची गाडी पाऊणशे-शंभर मीटरवर असून अजिबात चालणार नाही. ती २६० ते ३०० मीटर मागे असली पाहिजे.

३०० मीटरवरची गाडी आरशात ठिपक्याएवढी दिसते, आणि तो ठिपका ७० ने येतो आहे की ५० ने, हे डोळ्यांना कळत नाही. रस्ता वळणावर असेल, पुलाचा खांब आड येत असेल किंवा पाऊस असेल, तर ठिपकाही दिसत नाही. सलग नऊ-दहा सेकंद पहिली लेन रिकामी असणे एम-१ वर दिवसा कितीदा घडते, याचा प्रत्येकाने आपापला अनुभव आठवावा. ट्रकांचा वेग ताशी ५६ मैलांवर बांधलेला असतो हे खरे, त्यामुळे आकडे थोडे सौम्य होतात. पण ट्रक गाडीसारखा चटकन थांबत नाही, हेही त्याच वहीत लिहून ठेवावे.

जुना सारथी

मी या देशात पंचवीस वर्षे गाडी चालवत आहे आणि मला या फोनाफोनीचे कौतुक वाटत नाही. मूळ दोष रस्त्याचा आहे. हार्ड शोल्डर होता तेव्हा कोणालाही विचारावे लागत नव्हते. त्याच पट्टीवर वेग घ्यायचा, इंडिकेटर द्यायचा, फट दिसली की आत जायचे. ती पट्टी काढून घेतली, तिला ‘स्मार्ट’ असे नाव दिले आणि आता त्यातून बाहेर पडायला आपण अर्ज करायचा, हा उफराटा न्याय झाला. मी दोन वर्षांपूर्वी एम-२५ वर अशाच थांब्यातून रात्री अकरा वाजता फट पाहून निघालो होतो. काहीही झाले नाही.

लेस्टरकर

जुना सारथी, रस्त्याविषयीची तुमची तक्रार मला पटते, आणि ती केवळ तुमची नाही. २०१४ मध्ये एम-२५ वर पहिल्यांदा हार्ड शोल्डर कायमचा काढून चारही लेन वापरात आणल्या गेल्या. सुरुवातीच्या आराखड्यात दोन थांब्यांमधले अंतर अडीच किलोमीटरपर्यंत असू शकत होते. जून २०१९ मध्ये शेफील्डजवळ याच एम-१ वर दोन गाड्यांची किरकोळ धडक झाली, त्यांचे चालक तपशील घेण्यासाठी पहिल्या लेनमध्येच थांबले आणि मागून आलेल्या ट्रकने दोघांचाही बळी घेतला. जानेवारी २०२१ मध्ये त्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने अशा रस्त्यांमुळे पुढेही मृत्यू होण्याचा धोका कायम असल्याचे म्हटले. एप्रिल २०२३ मध्ये सरकारने नवे स्मार्ट मोटरवे बांधण्याचे रद्द केले आणि आहेत त्या रस्त्यांवर दीडशेहून अधिक नवे थांबे घालण्याचे काम चालू ठेवले.

पण बांधलेले रस्ते तसेच राहिले आहेत आणि आपल्याला त्यांच्यावरूनच जायचे आहे. हार्ड शोल्डरवरून निघण्याची तुम्ही सांगितलेली पद्धत अगदी बरोबर आहे; हायवे कोडही तेच सांगतो. घोटाळा असा, की आपण तीच सवय या थांब्यांत वापरतो. हार्ड शोल्डर पुढे मैलोन्मैल जात असे, म्हणून तिथे वेग आधी मिळत असे आणि फट नंतर शोधता येत असे. इथे क्रम उलटा आहे. तुमच्या रात्री अकराच्या अनुभवाबद्दल एवढेच म्हणतो, की रात्री अकरा वाजता ढोबळ गणितींची दहा सेकंदे खरोखर मिळत असतील. शनिवारी दुपारी मला ती मिळाली नसती, आणि मी मात्र निघण्याच्या बेतात होतो.

फोन करायला आपण का कचरतो, याचाही मी नंतर विचार केला. गाडी दुरुस्त झाली की आपले काम झाले असे वाटते. आपल्या एका गाडीसाठी हजारो लोकांची लेन बंद करायला सांगणे हे भीड न ठेवण्यासारखे वाटते. नियंत्रण कक्षातल्या त्या बाईंना मात्र त्यात काहीच विशेष वाटले नाही. त्यांचे ते रोजचे काम आहे.

रेडिंगची सून

मला थांबण्याविषयीच विचारायचे आहे. माझ्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्या बहात्तर वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, आणि गाडीत असताना पायांत साध्या चपला असतात. मागच्या आठवड्यात एम-४ वर टायरची हवा कमी झाल्याचा दिवा लागला आणि मी मनातल्या मनात त्यांना त्या लोखंडी कठड्यावरून पलीकडे नेण्याचा प्रयत्न करून पाहिला. ते शक्य नाही. अशा वेळी त्यांना गाडीतच बसू द्यायचे का? आणि दिवा लागल्यावर मी थांब्यात न शिरता पुढच्या एक्झिटपर्यंत गेले, ते चुकले का?

ट्रॅफिक कक्षाच्या शेजारी

मी त्या खात्यात नाही, परंतु रस्ता-सुरक्षेशी संबंधित काम करतो, त्यामुळे जेवढे नक्की माहीत आहे तेवढेच लिहितो.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. गाडी नीट ताब्यात होती, एक्झिट जवळ होता, आणि तुम्ही वेग कमी करून बाहेर पडलात, हे योग्यच केले. मोटरवे सोडून जाणे शक्य असेल तर तो सगळ्यांत चांगला पर्याय असतो. त्यानंतर सर्व्हिसेस, म्हणजे मोटरवेलगतचे पेट्रोल-जेवणाचे थांबे, आणि ते जमत नसेल तर इमर्जन्सी एरिया. तो खऱ्या अडचणीसाठीच आहे. मुलाला लघवीला लागली, नकाशा पाहायचा आहे, फोन घ्यायचा आहे, यांतले काहीही तिथे थांबण्याचे कारण होत नाही आणि त्याबद्दल दंड होऊ शकतो.

सासूबाईंच्या बाबतीत, शक्य असेल तर त्यांना डाव्या दाराने उतरवून गाडीपासून आणि रहदारीपासून लांब नेणे हेच पहिले. कठडा ओलांडता येत नसेल तर गाडीच्या पुढच्या किंवा मागच्या बाजूला टेकून उभे राहू देऊ नये, कारण धक्का बसला तर गाडी तिथेच फेकली जाते. उतरणेच शक्य किंवा सुरक्षित नसेल, तर पट्टा लावून आत बसायचे, लुकलुकते दिवे चालू ठेवायचे आणि ९९९ ला फोन करून नेमकी अडचण सांगायची. गाडी थांब्यापर्यंत पोहोचलीच नाही आणि धावत्या लेनमध्ये बंद पडली आणि उतरणे सुरक्षित नसेल, तर सगळ्यांनाच हाच नियम लागू होतो. गाडीत एसओएसचे बटण असेल तर तेही दाबावे. हार्ड शोल्डर नसलेल्या रस्त्यांवर आता थांबलेली गाडी ओळखणारे रडार बसवलेले आहेत, पण त्यांच्यावर विसंबून फोन टाळू नये.

पेटीतला फोन चालत नसेल किंवा मोबाइलवरूनच बोलावे लागले, तर नॅशनल हायवेजचा क्रमांक ०३०० १२३ ५००० आहे. ठिकाण सांगताना कडेच्या निळ्या पाट्या उपयोगी पडतात. त्यांवर रस्त्याचे नाव, मग ‘ए’ किंवा ‘बी’ असे दिशेचे अक्षर आणि खाली एक आकडा असतो. तो आकडा किलोमीटरचा असतो. सगळा देश मैलांत बोलतो आणि नेमक्या संकटाच्या वेळी किलोमीटर वाचायला लावतो, ही गंमत मला अजून पचलेली नाही. पण त्या पाटीवरचे तीनही घटक जसेच्या तसे वाचून दाखवले, की पलीकडच्याला बाकी काही विचारावे लागत नाही.

रेडिंगची सून

आभारी आहे. उद्यापासून गाडीत सासूबाईंचे बूट आणि एक जाड घोंगडी कायमची ठेवणार आहे.

कोथरूड ते कॉव्हेंट्री

भारतातून आलेल्यांसाठी एक मुद्दा जोडतो. आपला परवाना इथे राहायला आल्यापासून बारा महिने चालतो आणि नंतर इथली परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेच्या मार्गात मोटरवे नसतो. शिकाऊ चालकांना मान्यताप्राप्त शिक्षकाबरोबर दुहेरी ब्रेकच्या गाडीतून मोटरवेवर जाण्याची परवानगीदेखील जून २०१८ मध्ये मिळाली. परिणामी आपल्यापैकी बरेच जण मोटरवे शिकतात ते परवाना हातात आल्यावर, एकटे, आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या आठवणींच्या आधारावर.

त्या आठवणी इथे दोन ठिकाणी घात करतात. पहिली गोष्ट लाल त्रिकोणाची. तिकडे गाडी बंद पडली की मागे त्रिकोण ठेवायचा, तो नसेल तर दगड आणि झाडाच्या फांद्या मांडायच्या, हे आपल्या अंगवळणी पडलेले असते. खोपोलीच्या अलीकडे बंद पडलेल्या ट्रकमागे बाभळीची फांदी मी कित्येकदा पाहिलेली आहे, आणि तिनेच मला सावध केले आहे. इथे मोटरवेवर त्रिकोण ठेवायला मनाई आहे, कारण तो ठेवायला रहदारीच्या कडेने मागे चालत जाणारा माणूसच सर्वांत मोठ्या धोक्यात असतो.

दुसरी गोष्ट निघण्याची. तिकडे कडेला घेतलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणताना आपण उजवा हात खिडकीतून बाहेर काढतो, हळूहळू तोंड आत घालतो आणि मागचा माणूस वेग कमी करील असे गृहीत धरतो. बहुतेक वेळा तो करतोही. इथला पहिल्या लेनमधला चालक थांब्यातून कोणी बाहेर येईल अशी अपेक्षाच करत नाही, त्यामुळे तुमचे पुढे आलेले तोंड त्याला दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

जुना सारथी

ढोबळ गणिती यांचे आकडे मी माझ्या मुलाकडून तपासून घेतले. बरोबर आहेत. मी माझे मत रस्त्याविषयी कायम ठेवतो आणि फोनविषयी मागे घेतो. एक शंका मात्र राहते. लाल फुली टाकली तरी काही महाभाग त्या लेनमधून जातातच. ती रिकामी दिसली म्हणून निश्चिंत होऊन निघालो आणि मागून असा कोणी आला तर?

ट्रॅफिक कक्षाच्या शेजारी

शंका रास्त आहे. लाल फुलीखालून जाणाऱ्यांवर २०१९ पासून कॅमेऱ्यांनी कारवाई होते आणि १०० पौंड दंड व परवान्यावर तीन गुण लागतात, तरीही जाणारे जातात. म्हणून परवानगी मिळाल्यानंतरही आरसा आणि उजव्या खांद्यावरून मागची नजर सोडायची नाही. कधीकधी रस्ता फार गजबजलेला असेल, तर कक्ष ट्रॅफिक ऑफिसरची गाडी पाठवतो आणि ती मागे उभी राहून तुम्हाला बाहेर काढते. ती येईपर्यंत थांबा असे सांगितले, तर कंटाळा आला तरी थांबावे, आणि तेही शक्यतो गाडीबाहेर, कठड्यापलीकडे.

बाहेर पडल्यावर पहिल्या लेनमध्येच वेग पूर्ण होऊ द्यावा. तिथून तडक दुसऱ्या लेनमध्ये जाण्याची घाई पुष्कळ जण करतात, आणि नेमक्या त्याच दुसऱ्या लेनमध्ये आपल्यासाठी सरकवलेले सगळे ट्रक असतात.

लेस्टरकर

एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती, कारण ती सांगताना थोडे ओशाळल्यासारखे होते. त्या दिवशी लेन मोकळी झाली, “आता निघा” असे फोनवर सांगितले गेले, मी उजवा इंडिकेटर दिला आणि गाडी हलवली. तेवढ्यात कठड्याशी उभा असलेला मेकॅनिक दोन्ही हातांची बोटे उघडझाप करून काहीतरी दाखवू लागला. मला वाटले, निरोप देतो आहे, म्हणून मीही हात हलवला. मागच्या आसनावरून मुलगी म्हणाली, “बाबा, चारही दिवे अजून लागलेले आहेत.” इंडिकेटरची दांडी मी हलवली होती, पण चारही दिवे एकत्र लुकलुकत असताना उजवीकडचा इशारा मागून दिसतच नाही. जवळजवळ तासभर ती टकटक कानांत इतकी बसली होती, की ती ऐकूच येईनाशी झाली होती. बटण दाबून ते बंद केले, इंडिकेटर पुन्हा दिला आणि मग निघालो.